'तुम्ही' कोण आणि 'आम्ही' कोण : जमैका किंकेड यांचं 'अ स्मॉल प्लेस'



मागच्या वेळी मराठी प्रवासवर्णनांवर बोलून झालं, तेव्हा एका श्रोत्यांनी विचारलं होतं, की आपण जिथे फिरायला जातो तिथल्या माणसाने आपलं वर्णन लिहिलं तर ते कसं असेल? असं एक पुस्तक आमच्या कपाटात बरीच वर्षं पडून होतं. लहानसं, ऐंशीएक पानांचं. 'अ स्मॉल प्लेस', लेखिका जमैका किंकेड, साल १९८८. आज त्याच्यावर बोलू.

नावाचा घोळ आधी मिटवतो. लेखिकेचं नाव जमैका, पण त्या जमैका बेटाच्या नाहीत, अँटिगाच्या. आपल्याकडे 'अँटिग्वा' रुळलंय, तिथले लोक 'अँटिगा' म्हणतात. मूळ नाव एलेन पॉटर रिचर्डसन. जन्म १९४९चा, सेंट जॉन्स या राजधानीतला. सोळा-सतराव्या वर्षी अमेरिकेत एका घरी मुलं सांभाळायला गेल्या, पुढे लिहायला लागल्या आणि १९७३मध्ये हे नाव घेतलं.

आता तुम्ही म्हणाल, कॅरिबियन बेटांचा आणि आपला काय संबंध? आमच्या पिढीचा होता. १९७१ साली वाडेकरांचा संघ तिथे गेला. सरदेसाईंनी मालिकेत ६४२ धावा केल्या, गावसकरांनी पदार्पणातच ७७४. पोर्ट ऑफ स्पेन, किंग्स्टन, ब्रिजटाउन ही नावं आम्हाला सातारा-सांगलीसारखी पाठ होती. तिथे समुद्रकिनारे आहेत हे मात्र बऱ्याच उशिरा कळलं. (हशा) हसू नका, खरंच सांगतो. रेडिओवरच्या त्या बेटांवर माणसं होती, आणि ती आपल्याला बाउन्सर टाकत होती. पुढे टूर कंपन्यांची माहितीपत्रकं यायला लागली. त्यांच्यात पांढरी वाळू, निळं पाणी, दोन रिकाम्या खुर्च्या. माणूस दिसलाच तर ट्रे घेतलेला.

दोन वर्षांपूर्वी त्या दोन खुर्च्यांपैकी एकीवर आम्ही बसलो. भाच्याचं लग्न. भाचा न्यू जर्सीचा, मुलगीही तिकडचीच, आणि लग्न समुद्रकिनारी व्हावं अशी दोघांची हौस. अँटिगातल्या एका रिसॉर्टमध्ये चार रात्री. नाव सांगण्याचं कारण नाही. व्यवस्था चोख होती, तक्रार काही नाही. दारात थंडगार ओला नॅपकिन, हातात रम पंच, मनगटावर पट्टा. तो पट्टा असला की पैशाचं पाकीट काढावंच लागत नाही. खोलीत पलंगावर टॉवेलचा राजहंस करून ठेवलेला. आणि एक स्पा. त्याच्या यादीत शिरोधारा होती, गरम दगडांचं मालिश होतं आणि उसाच्या साखरेने अंग घासून देण्याची एक सेवा होती. आमच्या वहिनींनी ती घेतली. कातडी कशी रेशमासारखी झाली म्हणून सगळ्यांना हात लावायला लावत होत्या.

साखर. या एका शब्दापाशी जरा थांबायला हवं. अँटिगात फिरलात तर जागोजाग दगडी, वर निमुळते होत गेलेले बुरूज दिसतात. त्या ऊस गाळायच्या पवनचक्क्या. बेटीज होप नावाचा मोठा मळा १६७४पासून कॉड्रिंग्टन घराण्याकडे होता. त्याची चक्की दुरुस्त करून ठेवलीय, बघता येते. सगळं बेट उसाखाली, आणि उसात राबायला आफ्रिकेतून आणलेले गुलाम. १ ऑगस्ट १८३४ला गुलामगिरी कायद्याने संपली. ऊस त्यानंतरही शे-सव्वाशे वर्षं राहिला, आणि तो गेला तेव्हा पर्यटन आलं. ज्या जमिनीवर साखरेपायी माणसं झिजली, तिथे आता साखरेने पाहुण्यांची त्वचा उजळतात. हे वहिनींना तिथे सांगावंसं वाटलं नाही. लग्नघर होतं.

तर हे पुस्तक. सुरुवात विमानतळापासून होते. तुम्ही विमानातून उतरता. विमानतळाला पंतप्रधानांचं नाव आहे. एखाद्या शाळेला, दवाखान्याला, सार्वजनिक स्मारकाला का नसावं, असं तुमच्या मनात येऊ शकतं. पण येत नाही, कारण तुम्ही अजून अँटिगातली शाळा पाहिलेली नाही, दवाखाना पाहिलेला नाही. मग टॅक्सी. गाडी नवीकोरी जपानी, रस्ता खड्ड्यांचा. वाटेत वाचनालयाची इमारत लागते. १९७४च्या भूकंपात ती पडझड झाली आणि दुरुस्ती व्हायची आहे अशी पाटी तिच्यावर लागली. पुस्तक लिहिलं जाईपर्यंत ती पाटी तशीच होती. मग हॉटेल, खोली, खिडकीतून दिसणारा समुद्र. तुम्ही पाण्यात उतरायला निघता आणि लेखिका शांतपणे सांगते, की या बेटावर सांडपाण्याची नीट सोय नाही, तेव्हा तुमच्या संडासातलं पाणी शेवटी कुठे जातं त्याचा फार विचार करू नका. रात्री तुम्ही इथलं ताजं म्हणून जे जेवाल, त्यातलं बरंच मायामीहून विमानाने आलेलं आहे.

या दहा-पंधरा पानांत आवाज कुठेच चढत नाही. वाक्यं लांबलचक, कंसात कंस, पोटवाक्यात पोटवाक्य. एखादी हॉटेलातली बाई अदबीने बोलत तुमची बॅग उचलते आहे आणि बोलता बोलता तुमची सालं काढते आहे. अदब सुटत नाही, सालं निघत राहतात.

ऊन घ्या. चार दिवस लख्ख ऊन मिळावं यासाठी पर्यटक पैसे मोजतो. अँटिगात बारमाही नद्या नाहीत, पाऊस बेभरवशाचा. जे ऊन तुमचं भाग्य, तोच तिथल्या माणसाचा दुष्काळ. आता तिथलं बहुतेक पिण्याचं पाणी समुद्राचं खारं पाणी गोडं करून मिळवतात. आम्ही त्या चार दिवसांत पोहण्याच्या तलावातून बाहेर आलो की शॉवर घ्यायचो, समुद्रातून आलो की शॉवर, जेवायच्या आधी पुन्हा शॉवर. मराठवाड्यात ज्यांचं बालपण गेलं त्यांना टँकरची रांग सांगायला नको. आमचंही तिथेच गेलं. तरी त्या चार दिवसांत नळ सोडताना ती रांग आठवली नाही. घरी परत आल्यावर पुस्तक पुन्हा उघडलं, तेव्हा आठवली.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. हे पुस्तक 'यू' या सर्वनामावर उभं आहे. इंग्रजीत एकच 'यू', सगळ्यांना पुरतो. मराठीत आणायचा झाला तर पहिल्याच शब्दाला अनुवादक अडतो. तू, तुम्ही की आपण?

'तू' लिहून पाहिलं. वाक्याला धार येते, पण ते आपल्या माणसाला रागावल्यासारखं होतं. आपण आईला तू म्हणतो, विठोबाला तू म्हणतो. 'तू'मध्ये जवळीक असतेच, शिवी दिली तरी. किंकेड यांचा पर्यटक त्यांच्या जवळचा कोणी नाही. 'आपण' तर रिसॉर्टचा शब्द. आपलं स्वागत आहे, आपली खोली तयार आहे, हे आपलंच घर समजा. तो वापरला तर उपहास होईल खरा, पण पंधरा पानं सतत उपहास म्हणजे वाचणाऱ्याला गंमत वाटायला लागते. तेव्हा 'तुम्ही'. परक्या माणसाला म्हणतात तसं, कोरडं.

इथवर सोपं होतं. अवघड भाग दुसऱ्या प्रकरणात आहे, आणि तो आम्हाला आधीच्या वाचनात कधी दिसलाच नव्हता. दुसऱ्या प्रकरणात लेखिका आपल्या लहानपणच्या अँटिगाबद्दल बोलते, इंग्रजांच्या अमलातल्या. रस्त्यांची नावं नेल्सन, रॉडनी, हूड, ड्रेक. मिल रीफ क्लब नावाची श्रीमंत परदेशी लोकांची वसाहत, जिथे काळ्या माणसाला नोकर म्हणूनच प्रवेश. आणि इंग्रजांबद्दल तिथल्या लोकांचं मत काय होतं? ते वंशद्वेष्टे आहेत असं लोक म्हणत नसत. लोकांना वाटे, हे फार असभ्य आहेत, यांना वागायची रीत नाही. ते वाचून आम्ही पूर्वी खूश व्हायचो. मुंबईत एल्फिन्स्टन, फ्रिअर अशा नावांच्या रस्त्यांवरून चाललेला माणूस म्हणतो, अहो, हे तर आपलंच!

पण बघा, इथे 'वी' येतो. इंग्रजीत 'वी'सुद्धा एकच. मराठीत दोन आहेत. ऐकणाऱ्याला धरून म्हणायचं तर 'आपण', त्याला वगळून म्हणायचं तर 'आम्ही'. आपण जेवायला जाऊ, आणि आम्ही जेवायला जातो: दुसरं वाक्य ऐकलं की पाहुण्याने उठायचं असतं. किंकेड यांच्या 'वी'मध्ये वाचक आहे का? इंग्रजीला हे ठरवावं लागत नाही, मराठी ठरवल्याशिवाय पुढे जाऊ देत नाही. आणि मराठी अनुवादकाचा हात नकळत 'आपण'कडे जातो. आपणही गुलामीत होतो, आपल्याही गावांना त्यांची नावं होती, आपल्याही साहेबाला रीतभात नव्हती. पहिल्या प्रकरणातला 'तुम्ही' म्हणजे ते गोरे, आणि दुसऱ्यातला 'आपण' म्हणजे अँटिगाचे लोक आणि महाराष्ट्राचे लोक, खांद्याला खांदा लावून. असं वाचलं की पुस्तक एकदम सुखाचं होतं. आम्ही वीसेक वर्षं ते तसं सुखाने वाचलं.

याला पुस्तकही थोडं जबाबदार आहे, हे म्हटलं पाहिजे. आपला पर्यटक गोरा आहे, युरोप-अमेरिकेतला आहे, हे किंकेड स्पष्ट सांगतात. काळा अँटिगन परदेशातून स्वस्त कपड्यांची, खाण्याच्या वस्तूंची खोकी घेऊन परततो, त्याला कस्टममध्ये अडवतात. तुम्ही गोरे, सरळ बाहेर पडता. १९८८ साली हे बरोबरच होतं. पण त्या व्याख्येत फट आहे, आणि आज आपल्यासारखे लोक त्या फटीतून अलगद निसटतात. आमच्या बॅगांत हळदीची पाकिटं होती, सुकं खोबरं होतं, बेसनाचे लाडू होते. कुणी उघडून पाहिल्या नाहीत. आमचा रंग गोरा नाही, पण मनगटाचा पट्टा गोऱ्यांच्याच रंगाचा होता. लेखिका पुढे म्हणते, जगातला प्रत्येक माणूस कुठला तरी स्थानिक असतो आणि त्यालाही कुठेतरी निघून जावंसं वाटतं. पण बहुतेकांना जाणं परवडत नाही, म्हणून ज्यांना परवडतं त्यांचा त्यांना हेवा वाटतो. इथे रंगाचा उल्लेख नाही. पुस्तकातली ही जागा त्या फटीवर बोट ठेवते, पण पहिल्या प्रकरणाच्या झगझगाटात ती झाकोळते.

रिसॉर्टमधली एक गोष्ट सांगतो. फाटकावर एक वयस्क रखवालदार होते. आम्ही मुंबईचे म्हटल्यावर त्यांचा चेहरा उजळला. गावसकर! हेल्मेट न घालता कसा उभा राहायचा, व्हिव्ह रिचर्ड्स आमच्याच गावचा, सगळं हातवारे करून. दहा मिनिटं आम्ही दोघं शाळेतल्या मित्रांसारखे बोललो. आम्हाला वाटलं, बघा, हा तो 'आपण'. पट्टा वगैरे सगळं बाजूला, मैदानावर सगळे सारखे. खोलीवर येऊन कौतुकाने सगळ्यांना सांगितलंसुद्धा.

दुसऱ्या दिवशी सकाळी फिरून येताना तेच गृहस्थ एका इंग्रज जोडप्याशी बोलत होते. बोथम! तोच उजळलेला चेहरा, तेच हातवारे.

रखवालदारांना खोटं ठरवण्यासाठी हे सांगत नाही. बोथमवरही त्यांचं प्रेम असेल, क्रिकेट कळणाऱ्या माणसाचं असतं. पण ते प्रेम त्यांच्या कामाच्या वेळात, कामाच्या जागी चाललं होतं, आणि त्यातलं काम किती नि प्रेम किती हे पट्टा बांधलेल्या माणसाला कळायचा मार्ग नाही. अँटिगातली हॉटेल-प्रशिक्षणाची शाळा आणि तिथून बाहेर पडणाऱ्या मुलांचा थाटाचा समारंभ यावर किंकेड यांनी फार कडवट लिहिलंय: चांगला नोकर कसं व्हायचं हे शिकवतात आणि त्याचा अभिमान बाळगतात, असा त्यांचा सूर. आम्हाला ते एकांगी वाटतं. नोकरी करणाऱ्याला ती चांगली करण्याचा अभिमान असू शकतो, आणि शिवाय त्याच्याकडे आणखी काहीतरी राखून ठेवलेलं असू शकतं.

राखून ठेवण्याची ही गोष्ट शेजारच्या सेंट लुसियाच्या डेरेक वॉलकॉट यांना जास्त चांगली कळली होती. त्यांचं 'ओमेरोस' हे दीर्घकाव्य १९९०चं, नोबेल त्यानंतर दोन वर्षांनी. काव्याच्या सुरुवातीलाच फिलोक्टीट नावाचा कोळी पर्यटकांसमोर उभा आहे. होडीसाठी झाडं कशी तोडली ते सांगतोय, फोटो काढू देतोय. चार नाणी जास्त मिळावीत म्हणून पायावरच्या जुन्या जखमेचा व्रणही दाखवतो. पण ती जखम बरी कशी झाली, हे सांगत नाही. काही गोष्टींची किंमत डॉलरपेक्षा जास्त असते, अशा अर्थाचं काहीसं बोलून हसतो. किंकेड पर्यटकाला सगळं सुनावतात. वॉलकॉटचा कोळी त्याला हवं ते विकतो आणि मुख्य ते विकत नाही. आमच्या मते दुसरं चित्र जास्त खरं आहे, निदान त्या फाटकापाशी तरी. आमच्या रखवालदारांनी आम्हाला व्रण दाखवला आणि आम्हाला वाटलं औषध मिळालं.

वॉलकॉटचं नाव निघालंच आहे तर एक सांगून टाकतो. सेंट लुसियात पिटन नावाचे दोन सुळके समुद्रातून वर आलेत. २००४पासून ते जागतिक वारसा आहेत. त्या दोन सुळक्यांच्या मधोमध रिसॉर्ट बांधायला वॉलकॉटनी जाहीर विरोध केला होता. रिसॉर्ट झालंच. पहिलं नाव 'जलूझी प्लांटेशन'. आता त्याचं नाव 'शुगर बीच, अ व्हाइसरॉय रिसॉर्ट'. मळा, साखर आणि व्हाइसरॉय! व्हाइसरॉय हे त्या हॉटेल कंपनीचं नाव आहे, त्यात कुणाचा वाईट हेतू नाही. पण आपल्या कानाला तो शब्द ऐकून काही व्हायला हवं की नको?

किंकेड यांच्या पुस्तकातलं न पटणारंही सांगायला हवं. तिसऱ्या प्रकरणात सरकारच्या भ्रष्टाचारावर भडिमार आहे, आणि पुरावा बहुतेक ठिकाणी 'सगळ्यांना माहीतच आहे' असा. ओसरीवर बसून बोलणाऱ्या बाईचा तो सूर आहे, आणि ओसरीवर तो शोभतो. पण बोलणारी बाई तोवर ओसरी सोडून अमेरिकेत स्थायिक झालेली आहे. लहान जागेतल्या माणसांना स्वतःकडे दुरून पाहता येत नाही, असा ठपका ती आपल्याच लोकांवर ठेवते. दूर जायची संधी तिला मिळाली, त्यांना नाही, याचा हिशेब त्या ठपक्यात धरलेला दिसत नाही. आणि 'प्लेस'ला 'जागा' म्हणावं की नाही याचाही आमचा निर्णय झालेला नाही. मराठीत 'लहान जागा' म्हटलं की लोक चौरस फूट विचारतात. (हशा)

शेवटचं प्रकरण मात्र पुन्हा पुन्हा वाचावं असं. त्यात अँटिगाचं सौंदर्य आहे. समुद्राचे रंग, सूर्यास्त, फुलं. हे सगळं रिसॉर्टच्या माहितीपत्रकातही आहे. वर्षाच्या प्रत्येक दिवसाला एक असे ३६५ किनारे, अशी तिथली जाहिरातच आहे. किंकेड ते सौंदर्य नाकारत नाहीत. त्या म्हणतात, हे इतकं सुंदर आहे की खरं वाटत नाही, नाटकाचा पडदा वाटावा असं. आणि याच पडद्यात माणसांना रोज राहायचं आहे, चार रात्री नव्हे. आम्ही रोज संध्याकाळी पाण्यावरचा तो रंग बघत बसायचो, फोटो काढायचो. आमच्या खुर्चीमागे एक मुलगा हळदीच्या कार्यक्रमात पिवळी झालेली वाळू फावड्याने भरून बादलीत टाकत होता. एका फोटोत त्याचा खांदा आलाय. भाच्याने अल्बममध्ये तो कापून टाकला.

वाचनालयाचं काय झालं, असं कुणी विचारेलच. २०१४ साली नवी इमारत झाली, म्हणजे भूकंपानंतर चाळीस वर्षांनी. जाताना विमानतळाच्या वाटेवर आम्ही टॅक्सीवाल्याला ती दाखवायला सांगितली. त्याने दाखवली आणि विचारलं, तुम्हाला कशी माहीत? आम्ही म्हटलं, पुस्तकात वाचलं. कुठलं पुस्तक, त्याने विचारलं. आम्ही नाव सांगितलं. आरशातून त्याने आमच्याकडे एकदा पाहिलं आणि रेडिओचा आवाज वाढवला.

तर या अनुवादात आमचा निर्णय असा, की 'यू'ला शेवटपर्यंत 'तुम्ही', आणि 'वी'ला शेवटपर्यंत 'आम्ही'. दुसऱ्या प्रकरणात हात कितीही वळवळला तरी 'आपण' लिहायचं नाही. मसुदा अर्धा झालाय. वेळ झाली, थांबतो. प्रश्न असतील तर घेऊ.